चार गुंठ्यांत घर चालते का? परसबाग, कोंबड्या आणि शेळी यांचा हिशेब

जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किरकोळ बाजारात किलोला शंभर-दीडशे रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा दारात दोन रोपे लावली असती तर बरे झाले असते, असे अनेक घरांत बोलले गेले. त्याआधी टाळेबंदीच्या काळात भाजीची गाडी येईनाशी झाली, तेव्हाही हाच विचार डोकावून गेला होता. आता तर छोट्या जागेत भाजीपाला, सहा कोंबड्या आणि दोन शेळ्या ठेवून 'बाजाराचे तोंड न पाहणाऱ्या' कुटुंबांच्या चित्रफिती मोबाइलवर रोज येतात, आणि गावाकडे किंवा शहराच्या कडेला चार गुंठ्यांचा तुकडा असलेला माणूस त्या पाहून खरोखर विचारात पडतो. या लेखात त्या स्वप्नाचा हिशेब मांडायचा आहे. तो अवघड नाही, मात्र त्यात आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या गोष्टी दोन्ही धराव्या लागतात. चित्रफितींत बहुधा एकच बाजू दिसते.

या कल्पनेला इंग्रजीत 'होमस्टेड' म्हणतात. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने वसाहतकऱ्यांना शेतीसाठी १६० एकर जमीन देऊ केली होती, आणि त्या शब्दाला चिकटलेली स्वयंपूर्णतेची प्रतिमा एवढ्या ऐसपैस जमिनीवर वाढलेली आहे. आपल्याकडचा शब्द परस. घराच्या मागची जागा, मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळ, अळूचा वाफा, कुंपणाला शेवगा आणि कोपऱ्यात खुराडे एवढाच त्याचा पसारा असतो. परसाने सगळे घर पोसावे, अशी अपेक्षा जुन्या माणसांनी कधी केली नव्हती.

आधी जागा मोजू

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट किंवा ढोबळमानाने १०० चौरस मीटर. चार गुंठ्यांच्या जागेत घर आणि अंगण एक गुंठा घेते. उरलेल्या तीनपैकी दोन भाजीला आणि एक जनावरांना व खताला, अशी वाटणी धरू, आणि घरात चार माणसे आहेत असे मानू.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींनुसार सामान्य प्रौढ व्यक्तीच्या दिवसाच्या आहारात साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. चौघांना दिवसाला एक किलो धान्य म्हणजे वर्षाला ३६५ किलो लागेल. रब्बी ज्वारी एकरी दहा क्विंटल निघाली तर शेतकरी खूश असतो, आणि त्या हिशेबाने गुंठ्याला २५ किलो पडते. म्हणजे नुसत्या भाकरीसाठी जवळजवळ पंधरा गुंठे हवेत. तुरीचे एकरी आठ क्विंटल धरले, तरी डाळीला आणखी सहा गुंठे लागतील. तेल, साखर, चहा आणि मीठ यांचे नावच काढायला नको.

चार गुंठ्यांतून धान्य निघणार नाही, हे एकदा मान्य केले की पुढचे निर्णय सोपे होतात. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून दहा गुंठ्यांत कुटुंबाने जगण्याचा विचार मांडला, तेव्हा त्यामागे मातीचे आणि पानांचे रोजचे बारीक निरीक्षण, हंगामांचे काटेकोर नियोजन आणि घरातल्या माणसांचा पूर्ण वेळ गृहीत होता. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी होणारे ते काम नव्हते.

धान्य वर्षभर टिकते, पोत्यात स्वस्त मिळते आणि त्याच्या वाहतुकीत फारसे बिघडत नाही. मेथी दुसऱ्या दिवशी पिवळी पडते. म्हणून छोट्या जागेत नाशवंत वस्तू पिकवाव्यात आणि टिकाऊ वस्तू विकत घ्याव्यात, हा परसाचा पहिला नियम ठरतो.

भाजी मात्र निघते

चौघांना दिवसाला १.६ किलो भाजी लागते. पाच माणसांच्या पोषणबागेसाठी साधारण २०० चौरस मीटर जागा धरण्याचा प्रघात आहे, म्हणजे आपले दोन गुंठे तंतोतंत बसतात. 'उमेद' अभियानात गावोगावच्या महिला बचत गटांनी पोषण परसबागा केल्या, त्यांतल्या अनेक जागा याहून लहान आहेत.

अडचण एकूण वजनाची नसते, वेळेची असते. सगळ्या वाफ्यांत एकदम मेथी टाकली, तर महिन्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटत फिरावे लागते आणि त्यानंतर तीन आठवडे घरात भाजी नसते. म्हणून वाफे लहान करून दर आठ-दहा दिवसांनी एक पेरायचा, म्हणजे मेथी, शेपू, पालक, चुका आणि माठ पाळीपाळीने येत राहतात. मांडवावर दोडका, कारले, दुधी आणि वाल सोडायचे, आणि कडेला शेवगा, कढीपत्ता, पपई, लिंबू अशी एकदा लावून वर्षानुवर्षे देणारी झाडे ठेवायची. एप्रिल-मे महिन्यांत पालेभाजी करपते, तेव्हा याच झाडांचा आणि सावलीतल्या अळूचा आधार असतो. सुरण आणि रताळी जमिनीतच राहिली तरी काही काळ बिघडत नाहीत. परसातले ते बिनविजेचे शीतकपाट आहे.

बियाणे दर वर्षी विकत आणायचे असेल, तर स्वयंपूर्णतेचा एक पाय तिथेच लुळा पडतो. संकरित वाणाचे बी धरून पुन्हा पेरले, तर पुढची पिढी एकसारखी येत नाही. देशी वाल, घेवडा, गवार, भेंडी, दोडका यांचे बी मात्र घरी धरता येते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली, ती देशी वाणांचे बियाणे जपण्याच्या याच कामासाठी.

कोंबडी : अंड्यांआधी दाण्याचा विचार

कोंबडी पाळणे म्हणजे खुराडे बांधून अंडी गोळा करणे, असा समज असतो. मोठ्या झालेल्या एका कोंबडीला दिवसाला साधारण १०० ग्रॅम खाद्य लागते. सहा कोंबड्यांना ६०० ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे २२० किलो. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराज आणि ग्रामप्रिया या परसासाठी तयार केलेल्या सुधारित जाती आहेत. त्यांच्यापासून कोंबडीमागे वर्षाला १५० अंडी धरली, तर सहा कोंबड्यांची ९०० होतात, म्हणजे घराला रोज अडीच अंडी. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालून खुडूक बसते, तिच्याकडून याच्या निम्मीही धरू नयेत.

आता सगळा दाणा विकत आणला आणि तो किलोला ३५ रुपये पडला असे मानले, तर वर्षाचे ७,७०० रुपये होतात आणि एक अंडे साडेआठ रुपयांना पडते. खुराडे, पिले आणि लसी यांचा खर्च यात धरलेला नाही. बाजारातले पांढरे अंडे बहुधा याहून स्वस्त मिळते, कारण पिंजऱ्यातली व्यापारी कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते.

मग आजीच्या कोंबड्या कशा परवडत होत्या? या प्रश्नाच्या उत्तरात सगळ्या विषयाचे मर्म आहे. आजीची कोंबडी आजीच्या परसात चरत नव्हती. ती सकाळी डालग्याखालून सुटली की चार घरांची अंगणे, खळ्यावर सांडलेले दाणे, गोठ्यातल्या शेणातले किडे आणि गावचा उकिरडा असे सगळे फिरून संध्याकाळी घरी यायची. तिचे खाद्य सगळे गाव देत होते आणि अंडे तेवढे आजीच्या घरी पडत होते. तीच कोंबडी जाळीच्या कुंपणात, एका गुंठ्यावर आणली, की ते फुकटचे ताट नाहीसे होते. कुंपणातले किडे आणि गवत काही आठवड्यांत संपते, आणि उरते फक्त उकरलेली उघडी माती.

म्हणून परस किती स्वयंपूर्ण आहे हे पाहायचे असेल, तर टोपलीत काय पडले यासोबत फाटकातून आत काय आले तेही मोजावे. दाण्याचे पोते, चाऱ्याची पेंडी, खताची गोणी आणि पाण्याचा टँकर यांतले जितके कमी आत येईल, तितके परस स्वतःच्या पायावर उभे आहे असे समजावे.

दाणा घरीच तयार करण्याचा उपाय म्हणून अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या शेवाळासारख्या वनस्पतीचे नाव सतत घेतले जाते. त्यात २० ते २५ टक्के प्रथिने असतात हे खरे आहे, पण तो आकडा वाळवलेल्या अझोलाचा आहे. ताज्या अझोलात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, त्यामुळे एक किलो ताजा अझोला खाऊन हाती साधारण पंधरा ग्रॅम प्रथिने लागतात. जोडखाद्य म्हणून तो चांगला आहे. दाण्याची जागा तो घेत नाही. शेवग्याचा पाला, भाजीची देठे, निवडताना निघालेले खडे-दाणे, शिळी भाकरी आणि खतातल्या अळ्या यांचा नेटका वापर केला, तर विकतच्या दाण्यात बरीच बचत होऊ शकते. ती निम्म्यापर्यंत गेली तर अंडे सव्वाचार रुपयांवर येईल. खारट आणि बुरशी आलेले उरलेसुरले अन्न मात्र कोंबडीला घालू नये.

विष्ठा हेच खरे उत्पन्न

आणखी एक हिशेब सहसा कोणी करत नाही. वर्षाच्या २२० किलो खाद्यात १७ टक्के प्रथिने धरली, तर ती ३७ किलो होतात. प्रथिनांच्या वजनाचा साधारण सहावा भाग नत्राचा (नायट्रोजनचा) असतो, म्हणजे सुमारे सहा किलो नत्र फाटकातून आत येते. ९०० अंड्यांतून त्यातले एक किलोही बाहेर पडत नाही. उरलेले पाच किलो नत्र विष्ठेतून परसातच पडते, आणि ते अकरा किलो युरियातल्या नत्राएवढे भरते. त्यातले काही अमोनिया होऊन हवेत उडते. खुराड्याजवळ नाकाला झोंबतो तो हाच वायू. तरीही दोन गुंठे भाजीला ते भरपूर आहे. माझ्या मते परसात कोंबडी खतासाठी पाळावी आणि अंडी हा जोडनफा समजावा.

ही विष्ठा ताजी घातली तर रोपे जळतात, म्हणून ती कुजवावी लागते. इथे एकच तांत्रिक संज्ञा घ्यायची, ती म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर. वाळलेला पाला, काड्या आणि भुसा यांत कर्ब (कार्बन) जास्त असतो, तर विष्ठा आणि ओला पाला यांत नत्र जास्त असते. कुजवणाऱ्या जीवाणूंना कर्बाचे पंचवीस-तीस भाग आणि नत्राचा एक भाग असे ताट मानवते. कर्ब म्हणजे भाकरी आणि नत्र म्हणजे कोरड्यास समजा. नुसती भाकरी घशाखाली उतरत नाही आणि नुसत्या कोरड्यासाने पोट बिघडते. ढीग महिनोन्‌महिने तसाच राहिला तर कोरड्यास कमी पडले आहे, आणि घाण वास सुटला तर भाकरी कमी पडली आहे. खुराड्यातच वाळल्या पाल्याचा वीतभर थर अंथरला, की कोंबड्या तो उकरून कालवण्याचे अर्धे काम फुकट करतात. नंतर गांडुळे सोडली तर दीड-दोन महिन्यांत खत भुरभुरीत होते.

शेळी घ्यावी का?

इथे मी सावध आहे. शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा, किलोभर सुका चारा आणि थोडा खुराक लागतो. संकरित नेपियरसारख्या गवताला भरपूर पाणी आणि खत मिळाले, तर गुंठ्याला वर्षाला एक ते दीड टन चारा निघतो, आणि एक शेळी तो एकटी संपवते. शेळी कळपात राहणारी असल्याने एकटी ठेवली की ओरडून घर डोक्यावर घेते, म्हणजे निदान दोन हव्यात. आपल्या हिशेबात जनावरांसाठी एकच गुंठा आहे.

दुधाचेही असेच आहे. शेळी व्याल्याशिवाय दूध नाही, त्यासाठी बोकड शोधावा लागतो, गाभण काळ पाच महिन्यांचा असतो आणि पहिले दोन-तीन महिने दुधावर करडांचा हक्क असतो. उस्मानाबादी शेळी काटक आहे आणि तिला जुळी करडे बऱ्याचदा होतात, पण तिची ख्याती दुधापेक्षा मांसासाठी आहे. शिवाय शेळीचा जीव बांधावरच्या झुडपांत असतो. कुंपणातून मान बाहेर काढून ती आधी शेवगा संपवते आणि मग शेजाऱ्याचा गुलाब. जवळ गायरान, बांध किंवा सुबाभूळ-शेवरीची रांग असेल तर शेळी परवडते. तसे नसेल, तर तिच्या लेंडीखतासाठी धनगराचा कळप रिकाम्या जागेत एक रात्र बसवून घेणे अधिक शहाणपणाचे.

पाणी आणि माणसांचा वेळ

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पुण्यासारख्या ठिकाणी ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर १०० चौरस मीटरच्या छपरावर ७०,००० लिटर पडते, आणि गळती-बाष्प वजा जाता ५६,००० लिटर हाती येऊ शकते. उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागे दिवसाला पाच लिटर लागते. निम्मी बाग चालू ठेवली, तरी ५०० लिटर रोज, म्हणजे हे पाणी ११२ दिवस पुरेल. कागदावर उन्हाळा निघाला, पण त्यासाठी हजार लिटरच्या छप्पन्न टाक्या लागतील. व्यवहारात छपराचे पाणी विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पुनर्भरणाला द्यावे, उन्हाळी वाफे कमी करावेत, मातीवर पाल्याचे आच्छादन घालावे आणि मोरीचे पाणी केळी, अळू, नारळ यांच्या आळ्यात सोडावे. साबणाचे पाणी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर घालू नये.

वेळेचा हिशेब याहून कठोर आहे. पाणी, दाणा, झाडलोट आणि तोडणी मिळून रोज दीड तास तरी जातो. लग्नासाठी चार दिवस गावाला जायचे असेल, तर भाजी सोसते, पण कोंबड्या सोसत नाहीत. किल्ली घेऊन येणारा शेजारी नसेल तर जनावरे ठेवू नयेत.

रोग, बर्ड फ्लू आणि शेजारी

भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात तो पुन्हा आढळला. अशा वेळी बाधित भागातल्या परसातल्या कोंबड्याही नष्ट केल्या जातात, कारण विषाणू घरगुती आणि व्यापारी असा भेद करत नाही. रानपक्ष्यांनी कोंबड्यांचे पाणी पिऊ नये म्हणून वर जाळी असावी, मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये, आणि एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर लपवून न ठेवता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. नेहमीचा शत्रू मात्र राणीखेत, म्हणजे मानमोडी, आणि त्याची लस पहिल्या आठवड्यापासून ठरल्या वेळी दिली नाही तर सगळे खुराडे एका आठवड्यात रिकामे होऊ शकते. आमच्या परसात रोगाआधी मुंगूस आले. खुराड्याच्या जाळीखाली फरशी घालायचा मी आळस केला होता, आणि एका रात्रीत तीन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, गेल्या.

शेजाऱ्यांची तक्रार बहुधा पहाटेच्या आरवण्याची असते. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही हे खरे, पण परसात कोंबड्याची गरजच नाही. नर नसला तरी कोंबडी अंडी घालतेच. ती फक्त उबत नाहीत. शहरात किंवा सोसायटीत राहत असाल, तर स्थानिक संस्थेचे आणि सोसायटीचे नियम आधी विचारून घ्यावेत.

हिवाळ्यात अंडी कमी झाली की खाद्याला किंवा नजर लागल्याला दोष दिला जातो. कोंबडीचे अंडे देणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. तिला चौदा तासांच्या आसपास उजेड मानवतो, आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांचा होतो. खुराड्यात संध्याकाळी दिवा लावून हा फरक भरून काढता येतो, किंवा त्या दोन महिन्यांत कोंबडीला विसावा घेऊ देता येतो.

सुरुवात कोणत्या क्रमाने करावी

पहिल्या वर्षी एकही प्राणी आणू नये. पाला गोळा करावा, एक गुंठाच लावावा आणि कुठे किती ऊन पडते, पाणी कुठे साचते ते पाहावे. शेवगा, केळ, पपई आणि कढीपत्ता मात्र पहिल्याच पावसात लावून टाकावेत. दुसऱ्या वर्षी, खुराडे बांधून झाल्यावर, महिनाभराची आणि लसी दिलेली चार-सहा पिले आणावीत. एका दिवसाची पिले नवख्याने आणली तर ऊब देण्यातच बरीच दगावतात. काढणी झालेल्या वाफ्यात कोंबड्यांना आठ दिवस सोडावे, म्हणजे त्या तण, किडे आणि कोश वेचतात आणि खत टाकतात; पेरलेल्या वाफ्यापासून मात्र त्यांना जाळीने दूर ठेवावे. फाटकाजवळ एक वही टांगून आत आलेले प्रत्येक पोते तारखेसह लिहीत राहावे, आणि शेळीचा निर्णय तिसऱ्या वर्षी ती वही चाळून घ्यावा.